पावरी, पासष्ट डेसिबलच्या आत

या प्रकरणात उदेसिंगबाबांचा काही दोष नव्हता, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. हवालदाराचाही नव्हता. तो बिचारा चहाला चालला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे, कारण तिथल्या नगरपालिकेत माझा आणखी एक अर्ज अजून प्रलंबित आहे.

बसस्थानकासमोर अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळा सोडला तर दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, दुकानाच्या पायरीशेजारी निंबाखाली उदेसिंगबाबा पावरी वाजवत बसत. पावरी म्हणजे वाळक्या भोपळ्यात बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे बांबूच्या पट्ट्यांचा भलामोठा कर्णा. बाबा श्वास न तोडता एकेक तास फुंकत. हे कसं जमतं याचा मी दोन वर्षं अभ्यास करतोय. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतात, इतपत निष्कर्ष निघाला आहे. शेजारी त्यांची बायको मोतीबाई टोपल्या आणि सुपं घेऊन बसे. सातपुड्यातून बाजाराला आलेली माणसं सकाळी जीपमधून उतरत, दिवसभर पांगत आणि चारच्या सुमाराला आवाजाच्या दिशेने परत जमत. "पावरीपाशी ये" एवढाच पत्ता एकमेकांना दिलेला असे. गर्दीत मोबाईलला रेंज असो नसो, पावरीला असायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी नव्याने बदलून आलेला हवालदार गोकुळ तिथून जाता जाता म्हणाला, "काय बाबा, परवानगी शे का?"

बाबांनी फुंकणं न थांबवता मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची हे गोकुळने विचारलं नाही. तो चहाला गेला.

सामान्य माणसाने विषय इथेच सोडला असता. मी एम.एस्सी. आहे, भौतिकशास्त्र. प्रश्न विचारला गेला म्हणजे त्याला उत्तर असलं पाहिजे, असं आम्हाला शिकवतात. शिवाय त्या काळात मला नोकरी नव्हती. (आजही नाही. या अवस्थेला आमच्या विषयात स्थिर समतोल म्हणतात.) दुकानात बसून मी मोबाईलवर वाचायला लागलो आणि युरोपने मला झपाटलं. म्युनिकमध्ये रस्त्यावर वाजवायचं तर आधी नगरभवनात वाजवून दाखवावं लागतं. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत वादकांची चाचणी होते आणि त्यांना बिल्ला मिळतो. डब्लिनमध्ये आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुठे तासाभराने जागा बदलायची, कुठे दोन कलाकारांमध्ये ठरावीक अंतर सोडायचं. मला वाटलं, केवढा हा कलेचा मान! आमच्याकडे वाजवणाऱ्याला कुणी विचारतसुद्धा नाही.

कुणी विचारत नाही हीच बाबांची सगळी सोय होती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आठवडाभरात मी 'पदपथ कलाकार नियमन मसुदा' तयार केला. सात पानं, दोन तक्ते, एक आलेख. कलम चारमध्ये चाचणी घातली, कलम पाचमध्ये आवाजाची मर्यादा. बाजारपेठेसाठी दिवसा पासष्ट डेसिबल ही आपल्याकडच्या नियमांतली मर्यादा मी तिथे बसवली, कारण युरोपचं आंधळं अनुकरण मला मान्य नाही.

मसुदा आणि सोबतचा अर्ज घेऊन मी शेजारच्या गिरधरआप्पांकडे गेलो. आप्पा पंचायत समितीत आवक-जावक टेबलावरून निवृत्त झाले आहेत. त्यांनी सातही पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तौहिद, चौतीस वरीस काढात मी आवक-जावकमा. कागद आत जास ना, तो बाहेर येस तवय त्यान्हं तोंडच येगळं ऱ्हास. त्या बाबाले कोनी वळखत नही, म्हनीसन तो वाजाडी ऱ्हायना. तू कसाले वळख करी देस?"

"आप्पा, उद्या कुणी उठवलं तर? हातात कागद हवा."

"आज कोनी उठाडस का?"

"आज नाही."

"मंग आजना दिन देख ना भो."

पण आप्पा शेवटी आवक-जावकचे. 'विषय'च्या खाली 'संदर्भ' नाही हे त्यांना बघवेना. त्यांनी पेन मागितलं, 'महोदय'च्या जागी 'मा. महोदय' केलं, तीन ठिकाणी 'सदरहू' घातलं, आणि तासाभरात अर्ज असा भारदस्त झाला की मला स्वतःलाच तो मंजूर करावासा वाटू लागला.

उदेसिंगबाबांना मी सगळं समजावलं. ते पावरा समाजाचे, घरी त्यांची बोली वेगळी, पण बाजारात आले की अहिराणी बोलतात. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "भाऊ, तुले बरं वाटस ना? मंग कर."

नगरपालिकेतल्या ममता मॅडम समोरच्या माणसाशी प्रमाण मराठी बोलतात आणि फोनवर अहिराणी. त्यामुळे आपल्या कामाचं खरं काय चाललं आहे ते त्यांना कुणाचा फोन आल्याशिवाय कळत नाही. त्यांनी अर्जाचा विषय वाचला.

"पावरी म्हणजे पॉवरच ना? मग वीज कंपनीचं ना-हरकत जोडा."

"नाही मॅडम, वाद्य आहे. फुंकायचं."

"पावरी ही तर भाषा आहे," पलीकडच्या टेबलावरून एक आवाज आला. "पावरा लोकांची. भाषेला परवाना लागत नाही."

"ही वेगळी पावरी."

"वेगळी असेल तर वेगळा अर्ज करा," टेबल म्हणालं आणि पुन्हा आपल्या कामात बुडालं. काम म्हणजे फुटाणे.

मॅडमनी माझा मसुदा दोन बोटांत धरून वजनाचा अंदाज घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हे सभेपुढे पाठवते. पण रस्त्याकडेला बसून काहीही करायचं म्हणजे फेरीवाला. फॉर्म तोच भरा. रहिवासी दाखला?"

बाबांचा पत्ता डोंगरातला. दाखला नगरपालिका हद्दीतला हवा. म्हणून अर्जदाराच्या जागी माझं नाव आणि पुढे 'उदेसिंगबाबा यांच्या तर्फे' असं लिहायचं ठरलं.

"विकायचा माल?"

"माल नाही. आवाज."

"माल, आवाज," मॅडम लिहीत म्हणाल्या. "नाशवंत की अनाशवंत?"

इथे कुणीही शहाण्या माणसाने 'तुम्हाला वाटेल ते' म्हटलं असतं. मी विचार केला. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, उरलेली ऊर्जा हवेत आणि भिंतींत जिरते, क्षणानंतर काही शिल्लक राहत नाही. मी ठामपणे म्हणालो, "नाशवंत."

पंधरा दिवसांनी स्वच्छता विभागाचं पत्र आलं. 'आपण विक्री करीत असलेल्या नाशवंत मालावर माशा बसू नयेत यासाठी झाकण अथवा जाळीची काय व्यवस्था आहे, याचा सचित्र खुलासा सात दिवसांत करावा.'

मी ध्वनितरंगांवर दोन पानी खुलासा लिहायला बसलो. मोतीबाईने पत्रात काय आहे ते विचारलं, ऐकलं, आणि एक टोपली उचलून पावरीवर पालथी घातली. "हाई घे. काढ फोटू." माशीविरहित पावरीचा तो फोटो मी जोडला. खुलासा मान्य झाला. माझी दोन पानं अजून माझ्याकडेच आहेत. कुणाला वाचायची असल्यास देईन.

आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असताना मार्चमध्ये आणखी एक पत्र आलं. 'अर्ज विचाराधीन असल्याने, अंतिम निर्णय होईपर्यंत सदरहू जागेवर आवाज या मालाची विक्री अथवा प्रदर्शन करू नये.' एक प्रत माझ्याकडे, एक पोलीस ठाण्यात. पुढच्या मंगळवारी गोकुळ आला तो चहाला जात नव्हता. त्याच्या हातात कागद होता. मी हातात कागद हवा म्हणालो होतो. तो कुणाच्या हातात, हे स्पष्ट करायचं राहिलं होतं.

"बाबा, आते बंद करा. माले बी बरं वाटत नही, पन लिखेल शे ना," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी एका घड्याळाच्या मागचा स्क्रू शोधू लागलो. ते घड्याळ दुरुस्त झालेलं होतं.

बाबांनी पावरी धोतराच्या फडक्यात गुंडाळली. मोतीबाईच्या टोपल्यांशेजारी तिचं एक गाठोडं होऊन पडलं.

त्यानंतरचे मंगळवार मोजून काढावे लागले. अब्बा फारसं बोलत नाहीत. दुसऱ्या मंगळवारी भिंतीवरची सव्वीस घड्याळं ऐकत ते म्हणाले, "बेटा, दुकान में टिकटिक बहुत हो गई है." तेवढंच. एप्रिलमध्ये कालीबाई नावाची म्हातारी बाजारात चुकली. डोंगरातून नातवाच्या लग्नाची खरेदी करायला आली होती. चार वाजता आवाज शोधत ती बसस्थानकाला तीन फेऱ्या मारून उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बसून राहिली. तिची माणसं निंबाखाली वाट बघत होती, साठ पावलांवर. सापडेपर्यंत शेवटची जीप गेली. ती सगळी मंडळी आमच्याकडे मुक्कामाला राहिली. सकाळी चहा घेताना तिने अम्मीला विचारलं, "तो पावरीवाला बाबा मरी गया का?"

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी नगरपालिकेत चार वेळा गेलो.

अखेर ऑगस्टमध्ये सभेने माझा मसुदा जसाच्या तसा स्वीकारला. सदस्यांनी तो वाचला नसल्यामुळे एकही दुरुस्ती सुचवली गेली नाही. कलम चारनुसार चाचणी ठरली आणि समिती नेमली गेली. ममता मॅडम पदसिद्ध. पाणीपुरवठ्याचे अभियंते, कारण आवाज मीटरने मोजायचा होता आणि मीटर त्यांच्या विभागात येतं. आणि शाळेतले क्रीडाशिक्षक वीरसिंग सर, कारण शिट्टी हे फुंकायचं वाद्य आहे. मीटर मी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलं. स्वतः तपासून घेतलं. त्रुटी अधिक-उणे दीड.

सकाळी अकराला समिती निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. बाबा आले, हात जोडले, फडकं सोडलं, पावरी बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली.

"बाबा, वाजवायचंय."

"आते नही."

"म्हणजे?"

"नवं धान अजून शेतमा शे. देवले दखाडं नही. नवाई व्हस नही तोवर आमना घरमा पावरी फुकतस नही. बाप बी फुके नही, मी बी फुकाव नही."

दर पावसाळ्यात बाबा मंगळवारी नुसतेच बसत, पावरी न आणता. मला वाटायचं ओलाव्याने नळ्या बिघडतात. दोन वर्षं मी त्यांच्या श्वासाचा अभ्यास केला, पण हे कधी विचारलं नव्हतं.

"नवाई कधी?"

"पिकी तवय."

अभियंत्यांनी घड्याळ पाहिलं. ममता मॅडमचा फोन वाजला आणि त्या म्हणाल्या, "हा, बठी ऱ्हायनू इठे, अजून काहीच नही. आज व्हयनं नही तं फाईल बंद." फोनवर खरं कळतं हे मी सांगितलंच आहे. फाईल बंद म्हणजे जागाही बंद. पुन्हा अर्ज तीन वर्षांनी, हेही माझ्याच मसुद्याचं कलम. युरोपात एका शहरात असं काहीसं वाचून मला ते फार शिस्तीचं वाटलं होतं.

"तू फुक," बाबा म्हणाले.

"मी? देवाला चालेल?"

बाबा हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. "तुन्हा फुकानी पावरी वाजाव नही. मंग देव कसाले रागे भरी?"

मी फुंकलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा माझ्या कानांतून हवा गेली. तिसऱ्यांदा कर्ण्यातून, सायकलची ट्यूब दूर कुठेतरी दुःखी असावी तसा आवाज आला आणि काही सेकंद टिकला. मोतीबाईने पदर तोंडाला लावला. दुकानात अब्बांनी हळूच शटर अर्धं खाली ओढलं.

अभियंत्यांनी मीटर वाचलं. "एकसष्ट. मर्यादेत आहे."

"दम कमी आहे," वीरसिंग सर म्हणाले, "पण नियमात बसतो. उत्तीर्ण."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परवाना आला. लॅमिनेट केलेला, फितीसह, गळ्यात घालायचा. त्यावर माझा फोटो होता. 'परवानाधारक कलाकार: तौहिद नासिर. माल: आवाज (नाशवंत).' मी ममता मॅडमकडे धावलो.

"मॅडम, 'तर्फे' होतं. उदेसिंगबाबांच्या तर्फे."

"संगणकात 'तर्फे'ला रकाना नाही. आणि चाचणी कुणी दिली?"

"मी, पण..."

"मग?"

"नाव बदलून मिळेल?"

"अहस्तांतरणीय," मॅडमनी मागच्या बाजूला बोट ठेवलं. "तुमचंच कलम नऊ आहे. चांगलं लिहिता हो तुम्ही."

कलम दहाही माझंच होतं. सलग तीन बाजार गैरहजर राहिल्यास जागा रद्द. ती रद्द झाली की तिथे बसायला एक चायनीजचा गाडा टपून होता. त्यामुळे तालुक्यातला एकमेव अधिकृत पदपथ कलाकार म्हणून मी सप्टेंबरात निंबाखाली उभा राहिलो. पावरी बाबांची, परवाना माझा, आवाज कुणाचाच नाही. पहिल्या मंगळवारी एका माणसाने गॅस गळतोय का विचारलं. दुसऱ्या मंगळवारी माझे कॉलेजचे विभागप्रमुख समोर उभे राहिले, त्यांनी परवाना चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि म्हणाले, "ध्वनीशास्त्रात तुला अठ्ठ्याऐंशी होते ना?" बाबा शेजारी बसून ऐकत. अधूनमधून "गाल फुगाड, गाल," एवढं म्हणत. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, हे मला सर्वांत जड गेलं.

ऑक्टोबरात पीक निघालं. बाबांच्या घरी नवाई झाली, नवं धान्य देवापुढे ठेवलं गेलं, आणि पुढच्या मंगळवारी ते निंबाखाली आले तेव्हा बोटं नळ्यांवर नुसती फिरत होती. आता देवाची हरकत नव्हती. फक्त माझ्या मसुद्याची होती.

मी परवाना घेऊन आप्पांकडे गेलो. म्हणालो, "तुम्ही म्हणाला होतात."

"मी म्हनेल व्हतू ते जाऊ दे. दाखाड इकडे." आप्पांनी मागची बाजू पहिल्या अक्षरापासून वाचली. कलम सातवर त्यांचं बोट थांबलं. 'परवानाधारकाने स्वतः जागेवर उपस्थित राहावे. वाद्याची देखभाल व साफसफाई यासाठी एक मदतनीस ठेवता येईल.' त्यांच्या चेहऱ्यावर चौतीस वर्षांचा अनुभव पसरला.

"नळीमा धूळ जास का नही?"

"जाते."

"ती निंघस कशी?"

"फुंकून."

"मंग काढू दे ना त्याले धूळ. दिनभर काढू दे."

एक अडचण मात्र खरी होती आणि ती आप्पांच्या आवाक्यातली नव्हती. बाबांनी धूळ काढायला सुरुवात केली आणि मी मीटर धरलं. अठ्ठ्याऐंशी. माझ्याच मर्यादेपेक्षा तेवीस जास्त, आणि मोजण्याची जबाबदारी परवानाधारकाची. खोटा आकडा मी लिहू शकत नाही. मला ते येतच नाही. मी परवाना पुन्हा वाचला, मसुदा पुन्हा वाचला, आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी आणि सर्वांत उपयोगी चूक मला सापडली. पासष्ट डेसिबल, पण किती अंतरावरून मोजायचे, हे मी लिहिलंच नव्हतं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात. एका मीटरवर अठ्ठ्याऐंशी असतील तर पंधरा मीटरवर साडेचौसष्ट. निंबापासून पंधरा मीटर मोजले तर माणूस बरोबर पाणपोईच्या नळापाशी येतो. जागा तीच, नियमही तोच.

तेव्हापासून दर मंगळवारी मी तिथे उभा असतो. गळ्यात परवाना, एका हातात मीटर, दुसऱ्या हातात वही. बाजार भरात असला की मीटर लोकांचाच आवाज जास्त दाखवतं. मग मी थांबतो, शांत क्षण पकडतो आणि आकडा लिहितो. पाणी प्यायला येणारे मला पाणपोईचा माणूस समजून पेले परत देतात. गोकुळ पहिल्याच दिवशी आला, बाबांकडे आणि मग माझ्याकडे पाहत म्हणाला, "वाजाडी कोन ऱ्हायना?"

"कुणीच नाही. मदतनीस धूळ काढतोय."

"कितली धूळ शे?"

"आठ महिन्यांची."

गोकुळने जरा वेळ ऐकलं. "मंग लागी टाईम," म्हणाला आणि चहाला गेला.

त्याच मंगळवारी चारच्या सुमाराला माणसं जमू लागली. गर्दीच्या चारही बाजूंनी, डोक्यावर बोचकी, हातात चपलांचे जोड, आवाजाच्या दिशेने. त्यांत कालीबाई होती. बाबा जिवंत दिसल्यावर तिने त्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सुनावलं, बराच वेळ. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. आदल्या खेपेला मी तिला चहा दिला होता, पण गळ्यात फीत घातलेला मी तिच्या ओळखीचा नव्हता. तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवून बाजाराच्या भाषेत विचारलं, "आनि तो कोन शे तठे? कवयना उभा शे, ना पानी पेस, ना जास."

बाबांनी पावरी ओठांवरून काढली. मीटरचा आकडा धाडकन खाली आला. पंधरा मीटरवरून त्यांचा बोलण्याचा आवाज बावन्न डेसिबल भरला, अधिक-उणे दीड, म्हणजे अगदी स्वच्छ ऐकू येण्याइतका.

"तो?" बाबा म्हणाले. "तो मन्हा परवाना शे."